मराठवाड्याच्या उन्हात कुरडया: गहू भिजवण्यापासून डबा भरेपर्यंत

कुरडई तळताना फुलली नाही, मधे टणक राहिली किंवा पावसाळ्यात तांबूस पडली, की सगळा बोल गव्हाला लागतो. गव्हाचा दोष क्वचितच असतो. बहुतेक कुरडया सोऱ्यात जायच्या आधीच बिघडलेल्या असतात. भिजवण लांबतं, निवळताना चीक (भिजवून वाटलेल्या गव्हाचं गाळलेलं दाट दूध) आंबतो, आधणाचं पाणी अंदाजानं ओतलं जातं, नाहीतर चीक पुरता शिजायच्या आत घालायची घाई होते.

दुसरी अडचण हवेची. "तीन दिवस भिजवा, रात्रभर निवळू द्या" हे माप थंड हवेच्या गावी बरोबर उतरतं. लातूर, परभणी, नांदेडकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि रात्रीही घर निवत नाही. तिथं गहू अडीच दिवसांतच तयार होतो आणि चौथ्या दिवशी त्याला घाण वास सुटतो. म्हणून खाली तास दिले असले तरी शेवटचा निर्णय दाण्यावर, वासावर आणि बोटावर सोडा.

सगळी मापं १ किलो गव्हाची आहेत. पहिल्यांदा करत असाल तर यापेक्षा जास्त घेऊ नका. घरचा मिक्सर, एक जड पातेलं आणि दोन माणसं एवढ्यात हे काम बसतं.

## १. दिवस ठरवा, तोही शेवटाकडून मोजत

आधी गहू भिजवून मग सवडीनं पुढचं बघायचं, हा क्रम उलटा आहे. कुरडया घालायची सकाळ आधी ठरवा आणि तिथून मागं मोजा. रविवारी सकाळी घालायच्या असतील तर:

- बुधवारी संध्याकाळी गहू भिजत टाका.
- गुरुवारी आणि शुक्रवारी सकाळ-संध्याकाळ पाणी बदला.
- शनिवारी दुपारनंतर वाटा, गाळा आणि चीक निवळायला ठेवा.
- शनिवारी रात्री झोपण्याआधी चिकावरचं पाणी एकदा बदला.
- रविवारी पहाटे चीक शिजवा आणि ऊन तापायच्या आत घालून मोकळं व्हा.

रविवार, सोमवार आणि मंगळवार हे तीन दिवस उन्हाचे हवेत. मार्च-एप्रिलमध्ये मराठवाड्यात अवकाळी आणि गारपीट नवी नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून शेतकऱ्यांसाठी आठवड्यातून दोनदा हवामानाचा सल्ला निघतो. मेघगर्जना आणि वादळी वाऱ्याचा इशारा कोणत्या जिल्ह्याला आहे, हे त्यात लिहिलेलं असतं. गहू भिजवण्याआधी तो वाचा. गहू एकदा भिजला की मागं फिरता येत नाही.

पाण्याचाही हिशोब आधीच लावा. १ किलोला भिजवणं, वाटणं आणि भांडी धुणं धरून वीस-पंचवीस लिटर पाणी सहज जातं. आपल्याकडच्या बऱ्याच शहरांत नळ रोज येत नाही. त्यामुळं शनिवारच्या वाटणाला पुरेल एवढं पाणी साठवलेलं हवं. गावाकडे लाइटचा भरवसा नसेल तर वाटणाची वेळ लाइटच्या वेळेशी जुळवून घ्या, कारण अर्धं वाटून झालेला गहू तीन तास पडून राहिला की चीक कमी निघतो आणि आंबट होतो.

## २. गहू आणि भांडी

लोकवन किंवा त्याच्या जवळचा, मध्यम भरदार दाण्याचा गहू घ्या. बन्सी शेवयांना चांगला, पण कुरडयांना नको. त्याचा दाणा फार कठीण असतो, वाटायला जड जातो आणि चिकाला पिवळट झाक येते. यंदाचा नवा गहू मिळाला तर उत्तम. किडका, पोचा दाणा निवडून टाका, कारण अशा दाण्यात चीक नसतोच, नुसता कोंडा असतो.

सावध: पेरणीसाठी औषध चोळलेला, रंगीत दिसणारा गहू कुठल्याही कारणानं वापरायचा नाही. कितीही धुतला तरी नाही. साठवणीत पावडर लावलेला गहूही या कामाला टाळा. हा गहू तीन दिवस पाण्यात मुरणार असतो, त्यामुळं वरवर धुऊन भागत नाही.

भांड्यांत फार काही लागत नाही, पण जे लागतं ते नेमकं हवं.

पातेलं कमीत कमी पाच लिटरचं आणि जड बुडाचं घ्या. पातळ बुडाच्या पातेल्यात चीक खालून लागतो आणि त्याचे तांबूस तुकडे सोऱ्याच्या चकतीत अडकतात. जड पातेलं नसेल तर आहे त्या पातेल्याखाली लोखंडी तवा ठेवा. घोटायला लांब दांड्याची लाकडी पळी किंवा स्वच्छ लाटणं घ्या. स्टीलचा डाव वाकतो आणि हातही भाजतो.

सोऱ्या पितळी फिरकीचा असो, दांडा दाबायचा असो किंवा जुना लाकडी असो, फरक पडतो तो चकतीनं. बारीक शेवेची चकती लावली की तार वाळताना तुटते आणि डब्यात नुसता चुरा उरतो. जाड शेवेची लावली की तार आतून वाळत नाही. मधली चकती घ्या, साधारण दीड-दोन मिलिमीटर भोकांची. सोऱ्या आदल्या दिवशीच काढून धुवा आणि एकदा फिरवून बघा. आटे झिजलेला सोऱ्या गरम चीक भरल्यावर दगा देतो आणि तेव्हा दुसरा शोधायला वेळ नसतो.

गाळायला पुरणाची किंवा पिठाची स्टीलची चाळणी, धुऊन मऊ झालेला सुती पंचा आणि एक मलमलचं फडकं ठेवा. वाळवायला जाडसर, कोरा, स्वच्छ प्लास्टिकचा कागद हवा.

सावध: वाढदिवसाचे नाहीतर निवडणुकीचे जुने फ्लेक्स गच्चीवर अंथरून त्यावर वाळवण घालायची पद्धत आता गावोगावी दिसते. ती सोडा. त्या फ्लेक्सवर छपाईची शाई असते आणि चीक वाफाळता पडतो. उलटी बाजू वापरली तरी ते खाण्याच्या कामाचं प्लास्टिक नव्हे.

## ३. भिजवण: चिरडून बघा, वास घ्या

गहू तीन-चार पाण्यांत चोळून धुवा. स्टीलच्या किंवा मातीच्या मोठ्या भांड्यात घालून वर चार बोटं पाणी ठेवा. गहू फुगून जवळजवळ दुप्पट होतो, म्हणून भांडं अर्ध्याहून जास्त भरू नका. पितळ्याच्या बिनकल्हईच्या भांड्यात भिजवू नका, कारण पाणी आंबट होत जातं.

भांडं घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. माठाशेजारची जागा बहुतेक घरांत गारच असते. भांड्यावर जाळी किंवा पातळ फडकं बांधा. घट्ट झाकण लावलं तर वास कोंडतो.

पाणी दिवसातून दोनदा बदला, सकाळी आणि संध्याकाळी. सगळ्यात जास्त चूक होते ती इथं. दिवसातून एकदा बदललेलं पाणी आपल्या उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत फेसाळतं आणि तो आंबूस वास थेट तळलेल्या कुरडईपर्यंत पोचतो. नुसतं पाणी ओतून दुसरं भरणं पुरत नाही. गहू हातानं हलवून, एकदा खळबळून धुवा आणि मग नवं पाणी घाला. पहिल्या दिवसाचं पाणी कुंड्यांना चालेल. पुढचं घरापासून लांब, झाडाच्या आळ्यात टाका, कारण त्याला माश्या लागतात.

पाण्यावर थोडे बुडबुडे येणं आणि हलका आंबूस वास येणं बरोबर आहे. त्या आंबण्यामुळंच दाण्यातला चीक सुटा होतो. कुजका वास, बुळबुळीत तार किंवा पाण्यावर रंगीत बुरशी दिसली तर तो गहू जनावरांनाही न घालता टाकून द्या.

तपासणी: शनिवारी दुपारी चार-पाच दाणे वेगवेगळ्या जागचे काढा आणि अंगठा-बोटात चिरडा. पांढरं दूध सगळं बाहेर यावं आणि बोटात नुसतं साल उरावं. मधे टणक कण लागला तर आणखी सहा तास थांबा. दाणा तयार असेल तर मात्र ठरवलेली वेळ झाली नाही म्हणून थांबू नका, लगेच वाटायला घ्या.

## ४. वाटण: मिक्सर थांबत थांबत चालवा

वाटण्याआधी गहू शेवटचा धुवा आणि चाळणीत निथळू द्या.

मिक्सरचं मोठं भांडं घ्या. ते अर्ध्यापर्यंतच गव्हानं भरा आणि गहू बुडेल इतकं गार पाणी घाला. माठातलं पाणी चांगलं. मिक्सर एकसारखा फिरवू नका. पाच-सात सेकंद फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा. गव्हाचं साल फाटून आतलं दूध सुटलं की काम झालं. गंधासारखं बारीक वाटलं की कोंड्याचे कण इतके सूक्ष्म होतात की ते फडक्यातूनही चिकात उतरतात आणि कुरडई तपकिरी दिसते. "माझ्या कुरडया पांढऱ्या होत नाहीत" म्हणणाऱ्या दहा जणींपैकी बहुतेकींचं उत्तर इथंच सापडतं. तुरटी, सोडा किंवा पापडखार घालून ही चूक झाकू नका. जपून वाटलं की यातलं काहीही लागत नाही.

दोन-तीन घाण्यांनंतर भांड्याला हात लावून बघा. ते गरम लागलं तर मिक्सर थंड होऊ द्या. घरचा मिक्सर सलग अर्धा तास चालवायला बनवलेला नसतो. इडली-डोशाचा दगडी ग्राइंडर असेल तर तो या कामाला मिक्सरपेक्षा सरस, कारण त्यात दाणा कापला न जाता चिरडला जातो, साल मोठं राहतं आणि चीक जास्त निघतो. ज्यूसरच्या वाट्याला जाऊ नका. त्याची जाळी गव्हाच्या चिकटाणीनं बसते आणि मग साफ होत नाही.

## ५. गाळण आणि निवळण

वाटण आधी चाळणीतून गाळा. वर राहिलेला चोथा दुसऱ्या भांड्यात घेऊन त्यात दोन-तीन तांबे पाणी घाला, हातानं चांगला कुस्करा आणि पुन्हा गाळा. हे आणखी एकदा करा. तिसऱ्या खेपेला पाणी जवळजवळ नितळ येतं. दूधट येत असेल तर चोथ्यात अजून चीक शिल्लक आहे.

मग सगळं पाणी पंच्यातून गाळा आणि शेवटी मलमलमधून. पंचा पिळला तर चालेल, मलमल पिळायचं नाही. चोथा कुस्करताना हाताला रबरासारखा ताणला जाणारा गोळा लागेल. ते गव्हातलं चिकट प्रथिन असतं. ते दाबून फडक्यातून खाली उतरवायचा प्रयत्न करू नका. त्यातलं जेवढं चिकात जाईल, तेवढी कुरडई तळल्यावर चिवट लागते.

चोथा टाकू नका आणि दुसऱ्या दिवसावरही ठेवू नका. त्याचं काय करायचं ते शेवटी सांगितलं आहे.

गाळलेलं दूध उभट, खोल पातेल्यात झाकून स्थिर ठेवा. चार-पाच तासांत चीक खाली बसतो आणि वर पिवळसर पाणी येतं. बहुतेक ठिकाणी ते सकाळपर्यंत तसंच ठेवलं जातं. आपल्या हवेत तसं करू नका. रात्री झोपण्याआधी ते पिवळं पाणी अलगद ओतून द्या, तेवढंच गार स्वच्छ पाणी घाला, तळापासून ढवळा आणि पुन्हा निवळू द्या. या एका बदलानं चिकाचा आंबटपणा अर्ध्यावर येतो आणि रंग उजळतो. फ्रिजमध्ये जागा असेल तर पातेलं रात्रभर तिथंच ठेवा. नसेल तर परातीत थोडं पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवा आणि भोवती ओलं फडकं गुंडाळा.

तपासणी: पहाटे वरचं पाणी ओतताना पातेलं एकदाच, सावकाश वाकवा. पाण्याबरोबर पांढरी धार यायला लागली की थांबा. खाली घट्ट, शुभ्र थर हवा. त्याच्या अगदी वर करड्या रंगाची पातळ साय दिसली तर ती चमच्यानं काढून टाका.

## ६. माप: चीक मोजल्याशिवाय आधण ठेवू नका

तळाशी बसलेला चीक हातानं मोडून सगळा एकसारखा ढवळा. मग वाटीनं मोजून दुसऱ्या भांड्यात काढा. १ किलो गव्हाचा चीक साधारण लिटरभर भरतो, पण गव्हानुसार कमी-जास्त होतं, म्हणून मोजणं चुकवू नका.

नियम सोपा आहे: जितका चीक, तितकं पाणी. हा नियम पळीवरून घट्ट धारेनं पडणाऱ्या चिकासाठी आहे. चीक दगडासारखा बसला होता आणि ढवळल्यावरही फार दाट वाटतोय, तर पाणी सव्वापट घ्या. वरचं पाणी नीट निघालं नाही आणि चीक ताकासारखा पातळ आहे, तर पाऊणपट घ्या. त्याहून उत्तम म्हणजे तो आणखी तासभर निवळू द्यावा.

पाणी जास्त झालं तर कुरडईची तार बसते, पसरते, वाळल्यावर कागदाला चिकटते. कमी झालं तर चीक शिजायच्या आधीच गोळा होतो, सोऱ्या फिरत नाही आणि कुरडई तळल्यावर दाताखाली कचकच लागते.

मीठ लिटरभर चिकाला सपाट दीड ते दोन छोटे चमचे. शिजलेला चीक चाखून मीठ ठरवू नका. तेव्हा ते कमीच लागतं, पण वाळल्यावर पाणी उडून जातं आणि मीठ तेवढंच राहतं. हिंग आवडत असेल तर चिमूटभर. जिरं नको, ते चकतीत अडकतं.

## ७. शिजवण: हिच्यावर सगळी कुरडई उभी आहे

पाणी, मीठ आणि एक चमचा तेल पातेल्यात घालून खळखळून उकळा. उकळलेल्या पाण्यातली एक वाटी बाजूला काढून ठेवा, ती पुढं लागेल.

आता दोन माणसं हवीत. एकानं चीक पुन्हा तळापासून ढवळून बारीक धारेनं ओतायचा, दुसऱ्यानं एकाच दिशेनं न थांबता घोटायचं. गॅस मध्यमपेक्षा कमी. ओतणाऱ्यानं घाई केली की गुठळ्या होतात, घोटणाऱ्यानं हात थांबवला की बुडाला लागतं. एकटं करायची वेळ आली तर चीक चार भागांत ओता आणि प्रत्येक भागानंतर गॅस अगदी मंद करून घोटा.

मिनिटाभरातच चीक घट्ट व्हायला लागेल. इथंच बहुतेकांची फसगत होते. चीक साधारण ६० ते ६५ अंशांच्या आसपासच घट्ट व्हायला लागतो, पण घट्ट झालेला चीक शिजलेला असतोच असं नाही. तो अजून दुधासारखा पांढरा, अपारदर्शक असतो. तशाच चिकाच्या कुरडया घातल्या की त्या वाळल्यावर छान पांढऱ्या दिसतात आणि तेलात पडल्यावर फुलत नाहीत.

सगळा चीक एकजीव झाला की झाकण ठेवा, गॅस अगदी मंद करा आणि दहा-बारा मिनिटं वाफ येऊ द्या. मधे दोन-तीनदा झाकण काढून तळापासून उलथून घोटा. फार घट्ट वाटला तर बाजूला ठेवलेलं उकळतं पाणी चमच्या-चमच्यानं घाला. गार पाणी घालायचं नाही. घोटून हात भरून येत असतील तर एकजीव झालेला चीक डब्यात काढून, तळाशी पाणी घातलेल्या कुकरमध्ये शिट्टी न लावता पंधरा मिनिटं वाफवा. ही पद्धत एकट्या माणसाला सोयीची आहे आणि तिच्यात चीक खाली लागायची भीतीही नसते.

तपासणी: चारही जुळल्या पाहिजेत.

1. रंग दुधट न राहता काचेसारखा, किंचित करडा-निळसर झालेला हवा.
2. पळीवर थोडा चीक काढून ओल्या बोटानं टेकवा, बोटाला चिकटता कामा नये.
3. वाटीभर गार पाण्यात चिकाचा थेंब सोडा, तो विरघळता किंवा पसरता कामा नये.
4. गार करून चाखा, कच्च्या पिठाची चव जायला हवी.

आमच्याकडच्या जुन्या बायका एका वाक्यात सांगतात: "बोटाला लागतोय तंवर सोऱ्याला हात लावू नगं."

सावध: शिजता चीक फुटून उडतो आणि कातडीला चिकटून राहतो, त्यामुळं उकळत्या पाण्यापेक्षा खोल भाजतं. पूर्ण बाह्यांचं सुती कापड घाला आणि लहान मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवा. भाजलंच तर लगेच साध्या गार पाण्याच्या धारेखाली वीस मिनिटं धरा. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका. फोड मोठा असेल तर दवाखान्यात जा.

यातला वाटीभर चीक घरच्यांसाठी आताच काढून ठेवा. गरम चीक, गूळ आणि तूप, किंवा कच्चं शेंगदाण्याचं तेल, काळं तिखट आणि कांदा. त्या दिवशी वेगळा नाश्ता करावा लागत नाही.

## ८. घालणं

ऊन तापायच्या आत, साडेसहा-सातला सुरुवात करा. गच्चीवर किंवा माळवदावर आधी झाडून घ्या, खाली सतरंजी किंवा बाज ठेवा आणि तिच्यावर प्लास्टिक ताणून, कडांना दगड ठेवून अंथरा. प्लास्टिकला तेलाचा नुसता हात फिरवा. तेल जास्त झालं तर वर्षभरात कुरडईला खवट वास येतो.

सोऱ्याला आतून तेल लावा आणि चीक गरम असतानाच भरा. पातेल्यातला बाकीचा चीक झाकून, उकळत्या पाण्याच्या दुसऱ्या पातेल्यावर ठेवा. गार झालेला चीक सोऱ्यातून उतरतच नाही, आणि जोर लावून उतरवला तर तार तुटत येते. भरताना चीक दाबून बसवा. मधे हवा राहिली की ती फटकन सुटते आणि तार तुटते.

कुरडई तळहाताएवढी, आतून बाहेर गोल फिरवत, जास्तीत जास्त दोन पदरांची. तीन-चार पदर टाकून जाड, भरदार कुरडई करायचा मोह होतो. ती सुकते वरून, आत ओल राहते, आणि आषाढात डबा उघडला की बुरशी दिसते. दोन कुरडयांमध्ये बोटभर अंतर ठेवा.

## ९. वाळवण

आपलं ऊन कडक आणि हवा कोरडी, ही मराठवाड्याची जमेची बाजू. पण त्याच उन्हानं घाईही होते. दुपारपर्यंत कुरडई वरून खडखडीत लागते आणि लोक उचलायला जातात. खालची बाजू तेव्हा ओली असते, ओढली की तार तुटते. हात लावू नका. संध्याकाळी ऊन उतरल्यावर कडा आपोआप सुटायला लागतात, तेव्हा उलट्या करा. न सुटलेली कुरडई रात्री तशीच कागदासकट आत घ्या, सकाळी सुटते.

वावटळ आणि धूळ हे दुसरं दुखणं. जुनी नायलॉनची ओढणी किंवा मच्छरदाणी वरून ताणून बांधा, कुरडयांना टेकू देऊ नका. जाड कापड घातलं तर वाफ कोंडते.

दुसऱ्या दिवशी कुरडया प्लास्टिकवरून काढून सुती कापडावर किंवा बाजेवर पसरा, म्हणजे खालूनही वारा लागतो. तिसऱ्या दिवशी पुन्हा कडक ऊन. रोज संध्याकाळी आत घ्यायच्याच.

आभाळ आलं तर? कुरडया घातल्यानंतर पाऊस आला तर कागद उचलून घरात पंख्याखाली पसरा आणि ऊन पडेपर्यंत पंखा बंद करू नका. पदार्थ वाळवायचं विजेचं यंत्र असेल तर ५५ ते ६० अंशांवर काही तासांत काम होतं. एअर फ्रायर यासाठी काढू नका, त्यातली हवा फार गरम असते आणि कुरडई वरून भाजून आत ओली राहते.

तपासणी: सगळ्यात जाड कुरडई निवडा आणि तिचा मधला भाग मोडा. कट्‌ आवाज येऊन तुटली पाहिजे, वाकता कामा नये. मग तीच तळून बघा. मधे कडक गाठ राहिली तर आणखी एक दिवस ऊन द्या.

## १०. डबा

उन्हातून आणलेल्या कुरडया लगेच डब्यात भरू नका. गरम माल बंद केला की झाकणाला आतून घाम येतो. रात्रभर घरात कापडावर निवू द्या, सकाळी भरा. स्टीलचा कोरडा, घट्ट झाकणाचा डबा चांगला. जूनमध्ये पावसाआधी एकदा डबा उघडून कुरडयांना दोन-तीन तासांचं ऊन द्या. १ किलो गव्हाच्या वाळलेल्या कुरडया अर्ध्या किलोच्या आतबाहेर भरतात.

तळताना तेल चांगलं तापलेलं हवं. छोटा तुकडा टाकल्याबरोबर वर यायला पाहिजे. कुरडई टाका, झाऱ्यानं हलकेच दाबा, एकदा उलटा, लगेच काढा. तेल कमी तापलेलं असेल तर चांगली कुरडईसुद्धा फुलत नाही, म्हणून चीक कच्चा होता असं ठरवण्याआधी तेल बघा. मायक्रोवेव्हमध्ये काही तारा फुलतात, पण मधला भाग फुलायचा राहतो.

## चोथा आणि चुरा

चोथ्याच्या भुसवड्या गाळण झाल्या दिवशीच घाला, कारण रात्रभर राहिलेला चोथा आंबतो. घट्ट पिळलेल्या चोथ्यात मीठ, लाल तिखट, ठेचलेला लसूण, जिरं आणि तीळ घालून मळा. चपट्या छोट्या वड्या थापून कापडावर टाका आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच उन्हात काढा. कुरडयांसारख्याच दोन-तीन दिवस वाळवा. त्या तळून ज्वारीच्या भाकरीबरोबर खातात.

डब्याच्या तळाशी साठणाऱ्या चुऱ्याची भाजी करा. मे महिन्यात भाजी महाग आणि सुकलेली असते, तेव्हा ही पटकन होते. चुरा गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून चाळणीत पूर्ण निथळा. तेलात मोहरी, जिरं, हिरवी मिरची, भरपूर कांदा परता, हळद घाला, निथळलेला चुरा घालून दोन वाफा आणा, वरून दाण्याचं कूट आणि कोथिंबीर. चुऱ्यात मीठ आधीच आहे, म्हणून मीठ शेवटी चव बघूनच घाला. पाणी निथळलं नसेल तर भाजीचा लगदा होतो, म्हणून चाळणीला दोन-तीन झटके देऊनच चुरा कढईत टाका.